चेंबरचा बोल्ट

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. अप्पांना नाही, आईला नाही, धारवाडला सप्तापूरच्या खोलीत तीन वर्षं शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या मैत्रिणीलाही नाही. हिच्या पोटात काही राहत नाही, असं माझ्याबद्दल सगळे म्हणतात. राहतं. सहा वर्षं राहिलं.

गोष्ट आमच्या गाडीची आहे. पण आधी ती गाडी आज कशी आहे ते ऐका. ते सांगताना माझा आवाज चढतो — आणि तो का चढू नये?

राखाडी रंगाची जुनी सेडान, डिकी मोठी, दारं जड. मागच्या स्प्रिंगांखाली रबरी चकत्या घालून मी तिला दोन बोटं उंच केलंय, त्यामुळे आमच्या गल्लीतल्या गतिरोधकांवर तिचं पोट घासत नाही. सीटांचं जाड निळं कापड हुबळीच्या दाजीबानपेठेतलं, आईच्या मशीनवर शिवलेलं. हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा मी हातानं घासून लख्ख केल्या. आणि बॉनेटखालचं इंजिन — ते मी बांधलंय. सुट्टं करून, धुऊन, एकेक बेअरिंग माझ्या बोटांनी बसवून. हुबळीहून धारवाडला जाताना चढ लागतो ना, तिथे ती पाचव्या गिअरमध्ये चढते, आणि मी गप्प बसून तिचा आवाज ऐकते. मला गप्प बसवणारी जगातली ती एकच वस्तू असेल.

आता अप्पा. माझे वडील रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. ती नोकरी. काम वेगळं — पत्रकं. नळाला पाणी नाही, पत्रक. वसतिगृहातल्या मुलींना ताटात किडे, पत्रक. कंत्राटी सफाई कामगारांना हातमोजे नाहीत, पत्रक. मी अक्षरं शिकले ती ह्या पत्रकांवर, आणि उरलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर गणितं सोडवली. खऱ्याला घाबरायचं नाही आणि ते लिहून वाटायचं, एवढाच आमचा कुळाचार. बुद्धविहारातल्या बायका म्हणायच्या, ह्या घरात भांडण झालं तरी त्याची प्रत निघेल.

निवृत्त झाल्यावर अप्पांनी ही गाडी एका सहकाऱ्याकडून घेतली. माझ्या आजोबांनी आयुष्यभर पेठेत कापडाचे गठ्ठे पाठीवर वाहिले. आमच्या घराण्यातली ही पहिली गाडी. ती दारात लागली तेव्हा अप्पा स्टिअरिंगला हात लावून नुसते बसून राहिले, आई हाक मारेपर्यंत. म्हणजे ती गाडी काय होती ते कळलं ना? तिला काही होणं म्हणजे काय, तेही?

ती मी सांभाळायची ठरवली. हौस म्हणा. कॉलेजात मैत्रिणी सिनेमाला जायच्या, मी जुन्या हुबळीत मल्लप्पाअण्णांच्या गॅरेजात. अण्णा कन्नड माणूस, माझ्याशी मात्र हट्टानं मराठी बोलायचे. मला ते ‘तंगी’ म्हणत — कन्नडमध्ये धाकटी बहीण. आई ऐकून हसायची, “बरोबर बोलतात हो, ही गॅरेजात जायला लागल्यापासून घरात साबणाची तंगीच आहे.” अण्णांनी मला पाना धरायला शिकवलं. दुसऱ्या कुठल्या गॅरेजात मुलीला स्टूल देऊन बसवलं असतं आणि चहा पाजला असता. त्यांनी गाडीखाली सरकवलं.

आता मुद्द्यावर येते. नाही — अजून एक.

बेळगावला मावसभावाचं लग्न होतं. अप्पा चालवत होते, मी शेजारी, आई मागे आहेराच्या पिशव्यांत. धारवाड मागे टाकून बरंच पुढे गेलो आणि समोर तेलाचा लाल दिवा लागला. अप्पांनी ‘हा कसला’ म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, थांबवा. ते बाजू बघत होते, मागून ट्रक येत होता, तेवढ्यात आतून धातूवर धातू घासल्याचा आवाज आला आणि सगळं थांबलं. इंजिन जाम. रस्त्यावर मागे लांबवर काळी रेघ. तेलाच्या चेंबरचा बोल्ट कुठेतरी गळून पडला होता आणि सगळं तेल त्या रेघेत गेलं होतं. कुणाला काही लागलं नाही. पण अप्पा उतरले, बॉनेटवर तळहात ठेवला, चटका बसला तरी काढला नाही.

मग त्यांनी विचारलं, “तेल कुणी बदललं होतं?”

मी म्हणाले, “मल्लप्पाअण्णांच्या गॅरेजात.”

हे वाक्य नीट बघा. त्यात एकही शब्द खोटा नाही. तेल त्यांच्याच गॅरेजात बदललं होतं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी — कुठला शब्द ठेवायचा आणि कुठला गाळायचा, हे मला कळत नसेल?

 नवव्या दिवशी जेवताना अप्पा म्हणाले, “लिही. आज आपलं इंजिन गेलं, उद्या कुणाचा ब्रेक जाईल.” आणि मी लिहिलं. अर्धं पान मराठी, अर्धं कन्नड, मथळा ‘गाडीमालकांनो, डोळे उघडा’. गॅरेजाचं नाव, गल्ली, सगळं. ‘एक बोल्ट सैल ठेवणारा हात एका कुटुंबाचं आयुष्य सैल करतो’ हे त्यातलं वाक्य लोकांना पाठ झालं. फोनवर फिरत फिरत ते परत माझ्याकडेच आलं, खाली कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलेलं. आणि मला काय वाटलं सांगू? छान उतरलंय, असं वाटलं. तेच वाटलं. खाली सही काय, तर ‘आम्ही जागरूक नागरिक’.

आम्ही. कोण आम्ही?

तो बोल्ट मी आवळला होता.

लग्नाआधी एका दुपारी अण्णांनी मला पहिल्यांदाच एकटीला तेल बदलू दिलं. मी गाडीखाली पाठीवर, ते बाजूला बाकावर. जुनं तेल काढलं, बोल्ट परत लावला, हाताला घट्ट लागला. अण्णांनी शंभरदा सांगितलं होतं — चेंबर अॅल्युमिनियमचा आहे, हाताला कळतं तेवढंच आवळायचं. शेजारी हवेचा कॉम्प्रेसर धडधडत होता. मी खालून ओरडून विचारलं, “किती?” त्यांना वाटलं, मी विचारतेय कुठे फिरवू. ते म्हणाले, “बल. बल.” कन्नडमध्ये बल म्हणजे उजवीकडे. मी ऐकलं — बळ.

आमच्या घरात हा शब्द फार मोठा. संघटनेचं बळ, मनगटाचं बळ. मी पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घातला आणि जोर लावला. आणि घट्ट असलेलं काहीतरी एकदम मऊ झालं. ज्यानं कधी बोल्टच्या भोकातले आटे घालवलेत त्याला तो मऊपणा माहीत असतो.

पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होते, भाषेचा घोळ झाला. पण मी हुबळीत जन्मले. रिक्षावाल्यांना उजवीकडे घ्या हे मी रोज त्याच शब्दात सांगते. आणि घोळ झाला तो आटे जाईपर्यंत. त्यानंतर जे केलं ते कुठल्या भाषेत झालं? नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप माझ्या पिशवीत होती. ती मी बोल्टला गुंडाळली, बोल्ट हळूच बसवला आणि बाहेर सरकले.

“झालं?” अण्णांनी विचारलं.

“झालं.”

दुसऱ्या कुणाचं काम असतं तर त्यांनी स्वतः पाना लावून बघितलं असतं. माझं बघितलं नाही.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? दोन दिवस गाडी थांबली असती, नवे आटे पाडले असते. तेवढंच. पण ‘बघा, शेवटी मुलगीच’ हे वाक्य कुणीतरी बोलेल, याची मला भीती होती. हे मी कारण म्हणून देत नाही. तेव्हा मी ते वापरलं, म्हणून नोंदवते. मुलींच्या बाजूचं सगळं बळ मी एका खोट्यासाठी खर्च केलं.

पत्रक वाटल्याच्या चौथ्या दिवशी अण्णा आमच्या दारात आले. हातात पत्रक, चार घड्या घातलेलं. मी आतल्या दारात उभी होते. आता सांगतील, वाटलं. अप्पा उंबऱ्यावर उभे राहून बोलत सुटले — जबाबदारी, विश्वास, माणसांचे जीव. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकदा माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही.

“गॅरेज माझं हाय, मालक,” ते म्हणाले. “गॅरेजातनं गाडी भायेर सुटली की चूक माझीच. मी बघायला पायजे होतो. बघितलो नाही.”

अप्पा आत येऊन म्हणाले, “निदान कबूल तरी केलं माणसानं.”

मी तिथेच उभी होते. तोंड होतं, जीभ होती. माझ्या घरात अन्यायाविरुद्ध बोलायला कुणाची परवानगी लागत नाही.

गॅरेज वर्षभरात बंद झालं. अण्णा तारिहाळच्या एका कारखान्यात लागले — दुसऱ्यांनी आवळलेले बोल्ट तपासायला.

आणि मी? मी जिंकत गेले. ऐका, ही बाजूही खरी आहे आणि मी ती लपवणार नाही. सगळे म्हणाले, गाडी भंगारात द्या. मी म्हणाले, नाही. अंगणात ताडपत्री टाकली, इंजिन उतरवलं आणि अकरा महिने प्रत्येक रविवार त्यात घातला. क्रँक घासून आणला. पिस्टनच्या रिंगा एकदा उलट्या बसवल्या, काढून परत बसवल्या. हाताची कातडी गेली, नखं काळी झाली, एका पाहुण्याने आईला विचारलं, “मुलगी काय शिकते म्हणालात?” चेंबरला नवे आटे पाडले आणि बोल्ट हातानं आवळला, हाताला कळलं तेवढाच. मग एका सकाळी किल्ली फिरवली. एकदा नाही, दोनदा नाही. तिसऱ्यांदा ती बोलली. अख्खी गल्ली दारात आली. अप्पा पायरीवर बसले होते, ते उठले, येऊन त्यांनी बॉनेटवर परत हात ठेवला. आजोबांनी पाठीवर ओझी वाहिली, अप्पांनी दुसऱ्यांची इंजिनं जुळवली, आणि मी आमचं स्वतःचं इंजिन उभं केलं होतं. तो आनंद खोटा नव्हता. तो अजूनही माझा आहे.

पण त्यानंतर मला बोलायला बोलावू लागले. कॉलेजात, महिला मंडळात, एकदा कामगारांच्या मेळाव्यात. प्रत्येक ठिकाणी मी सुरुवात तीच करायची — एका निष्काळजी मेकॅनिकमुळे आमचं इंजिन गेलं, आणि तिथून मी उभी राहिले. टाळ्या त्याच जागी पडायच्या. सात वेळा. मोजलंय मी.

गेल्या वर्षी मी गाडी घेऊन तारिहाळला गेले. सांगायचंच म्हणून. कारखान्याची पाळी सुटली, अण्णा फाटकातून डबा घेऊन आले. गाडी चालूच होती. त्यांनी मला ओळखलं, पण माझ्याकडे न येता आधी बॉनेटपाशी गेले आणि मान कलती करून ऐकत राहिले.

“तू बांधलीस?”

“हो.”

“टॅपेट जरा वाजतंय बघ, तंगी. एक नंबरचं.” मग म्हणाले, “बाकी भारी. मलापण असं जमलं नसतं.”

त्यांच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. त्यात काहीही लपवलेलं नव्हतं. मी ‘थँक्यू अण्णा’ म्हणाले. बस आली. ते गेले. एवढं जवळ येऊनही मी बोलले नाही. पहिल्या दिवशी मी घाबरले होते असं म्हणता येईल. त्या दिवशी मात्र मला माझं झालेलं नाव आवडत होतं, इतकंच.

घरी येऊन उघडून बघितलं, टॅपेट त्यांनी सांगितलं तसंच सैल होतं. एक नंबरचं.

म्हणून आता नवं पत्रक लिहिलं. आधी कन्नडमध्ये लिहिलं, मग मराठीत. छापूनही झालंय — तोच आकार, तितक्याच प्रती, आणि उद्या सकाळी मी ते त्याच गल्ल्यांतून, त्याच दारांतून वाटणार आहे. पहिली प्रत अप्पांच्या उशापाशी ठेवलीय. दुसरी तारिहाळच्या फाटकावर देणार आहे, अण्णांच्या हातात. मला भीती वाटत नाही. गेल्या सहा वर्षांत एकही पत्रक लिहिताना माझा हात इतका सरळ चालला नव्हता. यात ‘आम्ही’ नाही. खाली माझं नाव आहे, पूर्ण, घरच्या पत्त्यासकट. मजकूर एवढाच:

मल्लप्पाअण्णांचा हात त्या दिवशी आमच्या गाडीला लागलाच नव्हता. बोल्ट मी आवळला. आटे माझ्या हातून गेले. आणि ते मला त्याच क्षणी कळलं होतं.