माझा पासपोर्ट बाबांच्या कपाटात

मुलीचा निकाह ठरल्याचा फोन रत्नागिरीहून आला आणि मला घाम फुटला. पासपोर्ट बाबांच्या कपाटात होता.

बाबा म्हणजे दोह्याजवळच्या अल गराफातल्या ज्या बंगल्यात मी स्वयंपाक करतो, तिथले मालक. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण बाबाच. माझा हात तेलानं भाजला, तेव्हा हा माणूस इस्पितळात दिवसभर माझ्या शेजारी बसून होता. मागे एकदा त्यांनी स्वतःहून पासपोर्ट माझ्या हातात ठेवला. "कायदा आहे. तुझ्याकडेच ठेव."

मला वाटलं, मच्छी खारट झाली म्हणून नोकरी गेली.

माझ्या खोलीला कुलूप नाही. पासपोर्ट उशीखाली ठेवला तर झोप येईना, तांदळाच्या डब्यात ठेवला तर भात बिघडायला लागला. शेवटी मीच नेऊन दिला. "बाबा, तुमच्याकडेच बरा."

आता परत मागायचा कसा? त्यांना वाटेल, याचा आपल्यावर भरवसा नाही.

माझं तोंड उतरलेलं बघून शुक्रवारी चाचा मला दोह्याला घेऊन गेले. चाचा आमच्या बंगल्याचे ड्रायव्हर, रायगडचे. गुलामांच्या एका व्यापाऱ्याच्या जुन्या घरात तिथं म्युझियम आहे. मी एसीसाठी गेलो. आत इंग्रजीत सगळं लिहिलेलं, चाचा वाचून सांगत होते: आफ्रिकेतून माणसं कशी आणली, मोत्यांसाठी समुद्रात कशी उतरवली. सुटका झाल्यावरही कितीतरी जण त्याच मालकाच्या घरी राहिले म्हणे.

"बघ येड्या, दार उघडलं तरी गेले नाहीत."

"जातील कुठं चाचा? आणि जाताना विचारणार कुणाला?"

शेवटच्या खोलीत आजच्या काळाबद्दल होतं. कामगारांचे पासपोर्ट काढून घेतात वगैरे. चाचांनी वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"आलास बघ तू म्युझियमात."

"माझा कुणी काढून नाय घेतला! मी स्वतः नेऊन दिलाय!"

"तेवढंच लिहायचं राहिलंय त्यांचं. फोटो देऊन ये."

दुसऱ्या दिवशी दुपारी भाताचं ताट मांडता मांडता मी डोळे मिटून बोलून टाकलं. "बाबा, मुलीचा निकाह आहे. जाऊ?"

"मबरूक!" मुबारकबाद देत बाबा ताटावरून उठले, पासपोर्ट घेऊन आले. "विचारतोस काय? आता परवानगी लागत नाही. नुसतं सांगायचं."

"हो. पण जाऊ ना?"

"तुझी मर्जी."

माझी मर्जी! सातवीतून शाळा सुटली, त्यानंतर या मर्जीची-माझी गाठ पडली नव्हती. ती काय म्हणते, मला कळेना. पासपोर्ट छातीशी धरून मी उभाच.

"आता काय?"

"बाबा, तुम्ही एकदा 'जा' म्हणा ना."

बाबांनी कपाळावर हात मारला. "यल्ला, जा! खलास!"

तेव्हा कुठं माझे पाय हलले.

रत्नागिरीत निकाहाच्या दिवशी साक्षीदार मुलीची संमती विचारायला आत आले. तिनं माझ्याकडे बघितलं की मी होकाराची मान हलवायची, म्हणून मी दारात तयार उभा होतो. नवी टोपीसुद्धा नीट बसवली.

ती लगेच म्हणाली, "कबूल."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.