पाटी न वाचणारा माणूस

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. फोन ठेवला, आमटीभात संपवला, हात धुतले आणि मगच बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आता तरी राग सोडा. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं म्हणतात... म्हणणाऱ्यांना वसंता भेटलेला नसावा. नवापूर ते पाम सायकलने कितीसं अंतर? तरी पन्नासहून अधिक वर्षं आम्ही एकमेकांच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं.

बोईसरच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तो नवापूरच्या होडीवाल्यांचा, मी पामच्या भातशेतीतला. गुडघाभर पाण्यापुढे मी जात नसे, याची तो वर्गभर टिंगल करायचा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला आम्हा दोघांनाही इंजिनिअरिंगसाठी इंग्लंडला जायला शिष्यवृत्ती मिळाली आणि तिथेही नशिबाने एकच खोली वाट्याला आली. माझ्या आईने दिलेलं लोणचं त्याने पंधरा दिवसांत संपवलं. माझा कोट तो न विचारता घालायचा, वर तो मला शोभत नाही हेही सांगायचा. मी तापाने पडलो तेव्हा तीन दिवस त्याने मला पेज करून घातली, हेही इथे लिहून ठेवतो, नाहीतर मीच खोटा ठरेन. पण ती पेज त्याने पुढे वर्षभर ऐकवली.

एका शनिवार-रविवारी आम्ही पूर्वेच्या किनाऱ्यावर गेलो. तिसरा होता जोसेफ, आमच्या वर्गातला घानाचा मुलगा. किनाऱ्यापासून थोडं आत वाळूचा एक दांडा होता, त्यावर सील प्राणी येऊन पडतात असं जोसेफने ऐकलं होतं. मधे एक खाडी, ओहोटीला चालत ओलांडता येणारी. काठावर लाकडी पाटी होती आणि तिच्यावर खडूने त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहिल्या होत्या. जोसेफ वाचायला थांबला. वसंताने त्याला हाताला धरून ओढलं आणि मला मराठीत म्हणाला, “नवापूरचा हाय मी. पाटी वाचून समुद्रात जात नाय आमी.”

त्याच्याकडे घरून आलेलं पंचांग होतं. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. त्या दिवशी द्वितीया होती, म्हणजे भरती दीडला आणि सकाळी साडेसातला पार ओहोटी. हिशेब नवापूरसाठी चोख होता. पण प्रत्येक किनाऱ्याची भरती वेगळी, हे ज्याच्या सात पिढ्या समुद्रावर गेल्या त्याला सुचलं नाही, आणि मला तर कळण्याचं कारणच नव्हतं. आठ वाजता खाडीत गुडघाभर पाणी होतं. मी म्हटलं, वसंता, हे पाणी चढतंय. तो म्हणाला, इकडचा समुद्र याहून मागे हटतच नाही.

नऊ वाजता परतायला निघालो तेव्हा खाडीत छातीइतकं पाणी होतं आणि ते ओढत होतं. जोसेफ मोठ्याने प्रार्थना म्हणू लागला. वसंता पांढराफटक पडला होता, माझ्या कोटाचं टोक मुठीत धरून उभा होता. तो कोट त्या दिवशी माझ्या अंगावर होता हेच विशेष. आम्हाला वाचवलं एका म्हातारीने. ती शिंपल्या गोळा करून घरी निघाली होती. आम्हाला पाहून ती दांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडत आली, हातातल्या काठीने उथळ वाट दाखवली आणि बाहेर पडेपर्यंत शिव्या घालत होती. आमच्या बाजारातल्या मासळीवाल्या बायाच आठवल्या मला. मनात आलं, ही वसंताची आत्या शोभली असती. तिच्या टोपलीची कडी धरून आम्ही तिघं बाहेर आलो. आमच्यातल्या कुणी कुणाला वाचवलं नव्हतं.

शिक्षण संपवून देशात परत आल्यावर नवापूरच्या किनाऱ्यावर वसंताचा सत्कार झाला. माझे वडील पामहून मुद्दाम आले होते. तिथे दोनशे माणसांसमोर वसंता उभा राहिला आणि म्हणाला, दामूने भरतीची वेळ चुकवली, मी त्याला खांद्यावर घालून पाण्यातून काढला. मी खुर्चीत बसलो होतो, तसाच बसून राहिलो. माझे वडील उठले आणि वसंताच्या बापाच्या पाया पडले. पुढे ते गेले त्या वर्षापर्यंत दर दिवाळीला नव्या तांदळाची एक गोण त्या घरी पोचवत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याला गाठलं. म्हटलं, एवढंच कर, माझ्या बापाला जाऊन खरं सांग. गावाला नको, फक्त त्यांना. तो खाली बघत म्हणाला, “कसा सांगू? नवापूरच्या पोराला भरती समजली नाय, असा?” मी म्हटलं, मग माझ्याशी बोलू नकोस. तो नाही बोलला. त्याच्या लग्नाचं बोलावणं आलं नाही, माझ्या लग्नाचं मी दिलं नाही. रोज वाटायचं आज येईल, उद्या येईल. बाप गेला, तरी आला नाही.

दहाव्याला मी नवापूरला गेलो, ते रडायला नव्हे. दोनशेतले उरलेत तितक्यांसमोर तरी खरं सांगायचं ठरवून गेलो. वसंताचा थोरला चुलतभाऊ काशीनाथदादा ओट्यावर बसला होता, नव्वदीच्या पुढचा. मी त्याच्यापुढे उभा राहून सगळं सांगितलं, पाटी, पंचांग, म्हातारी, टोपली. आवाज चढला होता माझा.

काशीनाथदादाने मला खाली बसवलं. म्हणाला, “त्याच दिवशी समजला आमाला. पामच्या पोराला भरती कोन इचारील?”

मग माझ्या बापाला का फसू दिलंत, असं मी विचारलं. तो म्हणाला, “तुजा बापूस कसला फसतो. सत्कारातच माज्या कानात बोलला, याने काय माज्या पोराला काढला नसंल. पन दोगं जिते आले ना, मंग कोनाचा काय जाते?”

म्हणजे अख्ख्या नवापूरला ठाऊक होतं, माझ्या बापालाही ठाऊक होतं. गावाने वसंताचा मान राखला, बापाने तांदूळ नेऊन दिले, आणि आम्हा दोघांना सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तो लपत राहिला, मी वाट बघत राहिलो. काशीनाथदादाने चहा मागवला. वसंताचा राग मला अजून येतो, तसूभरही कमी झालेला नाही. पण आता त्या सगळ्यांचाही येतो, आणि भांडायचं म्हटलं तर तो राग समजेल असा माणूस एकच होता, तोच गेला.