मिस्पाची भिंत

माझा मोठा मामा कबरींचे दगड कोरतो, आणि त्याच्याकडून लोक सगळ्यात जास्त कोरून घेतात तो शब्द म्हणजे मिस्पा. लोकांना वाटतं हा गोड आशीर्वाद आहे, आपण लांब असलो तरी देव दोघांवर लक्ष ठेवो वगैरे. पण मूळ गोष्ट गोड नाहीच. बायबलमधला याकोब आणि त्याचा सासरा लाबान, दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. म्हणून त्यांनी दगडांची रास रचली आणि शपथ घेतली, वाईट मनाने ही ओलांडायची नाही, देव बघतोय. त्या जागेचं नाव पडलं मिस्पा. हिब्रूत त्याचा अर्थ पहाऱ्याची जागा.

मामाला हे पक्कं माहीत होतं. धंद्यावरून धाकट्या मामाशी बिनसलं तेव्हा दोघांनी मिळून, हो मिळूनच, घराच्या मधोमध दगडी भिंत घातली आणि दोन्ही बाजूंना मिस्पा कोरलं. तेव्हापासून बोलणं बंद.

मग गेल्या वर्षी पलीकडून छिन्नीचा आवाज यायला लागला. रोज दुपारी.

"भिंत जाड करतोय," मामा म्हणाला. "करू दे. मी काय हात बांधून बसलोय?"

आणि त्याने आपल्या बाजूने सिमेंटचा जाड थर चढवला.

मामी वैतागली. "अहो, जाऊन विचारा ना एकदा."

"शपथ आहे."

"वाईट मनाने जायचं नाही अशी शपथ आहे. तुमचं मन वाईट आहे का?"

थोड्या दिवसांनी आवाज थांबला. मग धाकटा मामा गेलाच. मामाने त्याच्या कबरीचा दगड कोरला पण त्याच्या घरात पाऊल टाकलं नाही. आणि आवाज परत सुरू झाला, फक्त मामाला. मी शेजारी बसलेली असायचे, मला काहीच नाही, आणि हा हातातला घास तसाच धरून भिंतीकडे बघत बसायचा.

"माझ्यावर चिडूनच गेला का गं तो?" एवढंच विचारायचा. सांगणार कोण?

शेवटी धाकट्या मामीचा निरोप आला, यांची हत्यारं घेऊन जा, मला बघवत नाहीत. मी मामाला हाताला धरून नेलं. दोन दारांचं तर अंतर.

तिकडच्या बाजूला मिस्पा कोरलेला दगड काढून खाली नीट टेकवून ठेवला होता. त्याच्या जागी भिंतीत दंडापर्यंत हात जाईल एवढं भोक, आणि आत शेवटी मामाचं सिमेंट. त्यावर छिन्नीचे पांढरे ओरखडे.

"रोज म्हणायचे, आज दादाकडे हात निघेल," धाकटी मामी म्हणाली. "मग सिमेंट लागलं. म्हणाले, दादाला नकोय. आणि सोडून दिलं."

मामाने भोकात हात घातला आणि कितीतरी वेळ बाहेर काढलाच नाही. मग त्याने धाकट्याची छिन्नी घेतली आणि ठोकायला लागला.

पलीकडून आमच्या मामीचा घाबरलेला आवाज आला, "कोण आहे तिकडे?"

मामा नुसता ठोकत राहिला.