समासातली दोन अक्षरं

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग थोडी धास्ती वाटते.

निवृत्तीआधीची दोन वर्षं मी दिल्लीतल्या एका सरकारी अतिथिगृहाच्या सुरक्षेवर पोलीस खात्यातून प्रतिनियुक्तीवर होतो. कोणाच्या गाडीला कुठलं फाटक उघडायचं, यावर तिथे जेवढ्या बैठका होत, तेवढ्या मी दरोड्याच्या तपासातही पाहिल्या नव्हत्या.

एका सकाळी व्यवस्थापकांचा फोन आला. "साहेब, लगेच खाली या. फोर्जरी पकडलीय."

खाली वाशीम जिल्ह्यातली एक मुलगी आणि तिची आई उभ्या होत्या. मुलीची नागरी सेवेची मुलाखत परवावर आलेली. अशा उमेदवारांना तीन रात्री खोली मिळे, पण एकट्यालाच. तिच्या मोबाइलवरच्या पीडीएफ पत्रात मात्र नावाखाली एक जादा ओळ होती : 'सोबत आई'. कार्यालयातल्या मूळ पत्रात ती नव्हती.

"सीधा चारसौबीस आहे, यार! शासनाच्या आदेशात फेरफार!" व्यवस्थापक म्हणाले. कायद्यातली कलमं बदलली, पण लोकांच्या तोंडातला तो आकडा काही गेला नाही. स्थानिक पोलीस ठाण्याला द्यायचा तक्रार अर्ज त्यांनी टाइपही करून ठेवला होता. आरोपी म्हणून मुलीचं नाव. फक्त माझी सही बाकी होती.

पुढचं मला पाठ होतं. निवड झालीच तर चारित्र्य पडताळणी, आणि तिथे 'गुन्हा दाखल'. नंतर निर्दोष सुटली असती, तरी तोवर नेमणूक हातची गेली असती.

दोघींना माझ्या खोलीत बसवलं.

"ही ओळ तू टाकलीस?"

"नाही सर."

"मग कोणी?"

मुलीने मोबाइल टेबलावर उलटा ठेवला. आईच बोलली. "साहेब, तिला टायफॉइड होऊन गेला म्हणून आले मी. मी बसते न फाटकापाशी तीन दिवस. तिला तेवढं आत घ्या."

खोटं बोलणारा माणूस बहुधा उत्तर तयार ठेवून येतो. जो गप्प बसतो, तो दुसऱ्या कोणाला तरी पाठीशी घालत असतो. मी पत्र संगणकावर उघडलं. त्या ओळीसमोर, समासात, बारीकसा डाग दिसत होता. रुमालाने स्क्रीन पुसला, गेला नाही. पत्र मोठं केलं, तेव्हा डागाची दोन अक्षरं झाली. थरथरत्या रेषेतली आद्याक्षरं, खाली तारीख.

बनावट कागद मी पुष्कळ पाहिले. बनवाबनवीच्या शेजारी स्वतःची खूण करणारा इसम पहिल्यांदाच भेटत होता. असं करणारी जमात एकच.

"तुझ्या ओळखीत सरकारी कचेरीतून निवृत्त झालेलं कोण आहे?"

मुलीला रडू फुटलं. "काकांना काही करू नका सर."

काका गाझियाबादला राहत, एका मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. महाराष्ट्रातून येणाऱ्या मुलांचे अर्ज हौसेने भरून देत. दीड तासात हजर झाले. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल.

"हो, मीच टाकली ती ओळ. फुकटातली वेबसाइट आहे. पीडीएफ चढवायची, जिथे पाहिजे तिथे क्लिक करायचं, लिहायचं. बिल्कुल सोपं. दाखवू?"

"नको. का टाकलीत?"

"फोनवर विचारलं, तर तुमचा बाबू म्हणाला, आई राहील, चालेल. पण सुधारित पत्र देईना. सही करणारे साहेब रजेवर. मग केली दुरुस्ती."

"ही खाडाखोड आहे, काका."

ते दुखावले. "खाडाखोड? बाजूला आद्याक्षरं आहेत ना! आद्याक्षरं नसली तर खाडाखोड, असली तर दुरुस्ती. आणि तुमच्या ऑफिसला प्रतही पाठवलीय, माहितीसाठी."

मी बाबूला बोलावलं. चार दिवसांपूर्वीचा ईमेल होता, न उघडलेला. फोनवर 'चालेल' म्हटल्याचंही त्याने मान्य केलं.

"पण काका, आदेश ज्याचा, दुरुस्ती त्याने करायची."

काका बराच वेळ फाइलची नाडी सोडत-बांधत राहिले. "अच्छा... हां. ते खरं. छत्तीस वर्षं केल्या हो दुरुस्त्या. खुर्ची गेलीय, ते ध्यानात राहिलं नाही." मग एकदम ताठ बसले. "माझं नाव लिहा. पेन्शनरचं कोण काय बिघडवणार? पोरीचं नको."

साहेब आदल्या दिवशीच रजेवरून परतले होते. सुधारित पत्र अर्ध्या तासात निघालं, आई खोलीत गेली. काकांचा जबाब घेतला, त्यांना लेखी समज दिली आणि अर्ध्या पानाचा अहवाल लिहिला. तक्रार अर्जावर सही केली नाही. व्यवस्थापकांनी अहवाल दोनदा वाचला.

"साहेब, उमेदवाराचं नाव राहिलंय."

"राहिलेलं नाही. लिहिलेलं नाही."

पीडीएफमध्ये घातलेली ओळ काढता येते. पोलिसांच्या कागदात शिरलेलं नाव काढून देणारी वेबसाइट अजून निघायची आहे. उद्या तिच्या पडताळणीचा कागद ज्याच्या टेबलावर जाईल, तो काकांची आद्याक्षरं पाहणार नाही, बाबूचा न उघडलेला ईमेलही पाहणार नाही. तो फक्त नाव वाचेल. नोकरीत बहुतेक वेळा मीही तेवढंच वाचलं होतं.