अनसूयाबाईंच्या गोळ्या

अनसूयाबाई गेल्याचं मला कुरखेड्याहून आलेल्या एका बस ड्रायव्हरनं सांगितलं. चांद्याच्या दवाखान्यात मी औषधाच्या खिडकीशी होतो. खोकल्याचं औषध घेता घेता तो म्हणाला, "भाऊ, तुमच्या जुन्या दवाखान्यातली नर्सबाई गेली ना. आठ दिवस झाले." मी त्याच्या बाटलीला बूच लावलं आणि पुढच्या माणसाचा कागद हातात घेतला. या गोष्टीला आता दीड महिना होईल. त्यांच्याविषयी लिहावं असं रोज वाटतं, आणि लिहायला बसलं की एकाच प्रसंगापाशी हात थांबतो... तेव्हा तोच लिहितो.

कुरखेड्याच्या पलीकडे, जंगलाच्या तोंडाशी आमचा लहानसा दवाखाना होता. मी कंपाउंडर, त्या नर्स. डॉक्टर पंधरवड्यातून एकदा यायचे. एरवी आम्ही दोघंच. बाळंतपणासाठी बाई पाच-सहा कोस पायी जात. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलायला फटकळ बाई. पन्नाशीच्या आतच त्यांचे गुडघे सुजले. डॉक्टर म्हणाले, सांध्यांची झीज आहे, बरी व्हायची नाही. दुखेल तेव्हा सॅलिसिलेटची पूड घेत जा. बाईंनी ती घेतली नाही. मला म्हणाल्या, "पावसाळ्यात नदी चढली का नागपूरचं औषध येत नाई. हाय तेवढं तापाच्या रोग्याईले ठेवा. आन् धानाची रोवणी करून करून इथल्या बायकाईचे टोंगळे माह्यासारखेच झाले, त्याईले तुमची पूड किती दिवस पुरन? त्याईच्या दाराशी काय उगवते, ते पाहू."

दाराशी सालईची झाडं उगवत होती. शेजारच्या पाड्यावरची मैनीबाई नावाची गोंड म्हातारी सालईचा डिंक पळसाच्या पानात बांधून बाजाराला आणायची. तिची आई तो गुळात घोटून खायची, दुखण्यावर. बाईंनी ठरवलं, आधी आपण तीन महिने खाऊन पाहायचा, गुण आला तरच बायकांना द्यायचा. डिंक खलात घोटून गोळ्या वळायचं काम माझ्याकडे आलं. बाई रोज वहीत लिहीत: आज किती चालले, सूज किती, उठताना आधार लागला की नाही. पहिला महिना वहीत काहीच फरक नव्हता.

एका दुपारी त्या बाळंतपण करून परतल्या. दवाखान्याला तीन पायऱ्या होत्या. बाई त्या पायऱ्यांकडे पाठ करून खाली बसल्या आणि हातांवर भार देऊन, एकेक पायरी मागे सरकत वर आल्या. मी पाहतोय हे दिसल्यावर हसल्या. "लहान लेकरू असंच चढते, भाऊ," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गोळ्या वळताना मी डिंकात सॅलिसिलेटची पूड मिसळली. गुळात चव लपली. पुढेही मिसळत राहिलो.

बाई चालायला लागल्या. सूज उतरली. दोन महिन्यांनी वहीचं शेवटचं पान माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "पाहा! जंगलात औषध होतं आन् आपण नागपूरकडं तोंड करून बसलो होतो." त्यांचा तो चेहरा पाहून मी गप्प बसलो. तेव्हा बोलायला हवं होतं. मग त्या पाड्यावर गेल्या, मैनीबाई आणि आणखी चार जणींना सहा आठवडे गोळ्या दिल्या. त्या गोळ्या बाईंनी तिथंच, त्या बायकांसमोर घोटल्या होत्या... नुसता डिंक आणि गूळ. कुणालाच उतार पडला नाही. बाई त्यांच्यावर चिडल्या, गोळ्या फेकून देता म्हणाल्या. मैनीबाई एवढंच म्हणाली, "फेकल्या नाई, बाई. सगळ्या खाल्ल्या. तुमाले लागू पडलं ते आमाले काऊन नाई?"

त्या परत आल्या आणि वही घेऊन बसल्या. बराच वेळ पानं उलटून मग मला हाक मारली. "भाऊ, दुसऱ्या महिन्यापासून माह्या कानात घुंई घुंई आवाज येऊन राह्यला. मी लिहून ठेवला, पण ध्यान नाई दिलं. सालईनं कान वाजते का?"

त्या नर्स होत्या. सॅलिसिलेट रोज पोटात गेलं की कान वाजतात, हे त्यांना माहीत होतं.

"मला पाहवत नव्हतं, बाई," मी म्हणालो.

त्या रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. "तुमी मले चालवलं," म्हणाल्या. "पण त्या पाच जणींले मी खोटं ठरवून आली ना. आन् आता सालईत काही हाय का नाई, हे मले कोन सांगन?"

त्यांनी पाड्यावर जाऊन माफी मागितली. नव्यानं गोळ्या घ्यायला मात्र एकही बाई तयार झाली नाही. बाईंनी स्वतः पुन्हा सुरू केल्या, आपल्या हातानं घोटून. पण तोवर पाऊस लागला, गुडघे पुरते आखडले आणि वहीत पानामागून पान एकच ओळ येऊ लागली: "आज काही कळत नाही." माझी चांद्याला बदली झाली. निघताना मी पाया पडायला वाकलो, तर म्हणाल्या, "राहू द्या, भाऊ. वाकता येते तुमाले, तेच लय हाय." नंतर मी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. शेवटी तापानं गेल्या म्हणतात. त्याआधी वर्षभर त्या दवाखान्याच्या बाहेर पडल्या नव्हत्या.

मागच्या आठवड्यात मी तिथं जाऊन आलो. त्यांच्या खोलीत नवीन नर्स आली आहे, वीस-बावीस वर्षांची. खोलीत जमिनीवर काहीच नव्हतं. चूल मातीच्या उंच ओट्यावर, पाण्याचा माठ खोक्यावर, खाटेखाली चार-चार विटा, चपला खिडकीत, केरसुणीला लांब बांबू बांधलेला. वाकावं लागू नये म्हणून बाईंनी अख्खं घर कमरेइतकं वर उचललं होतं.

"त्याईनं सगळं असं वरतं काऊन ठेवलं होतं?" तिनं विचारलं.

"गुडघे दुखायचे त्यांचे."

"मग कोनी औषध नाई दिलं का?"

"दिलं होतं," मी म्हणालो.

ती माठ खाली उतरवायला निघाली होती. एकटीला पेलेना, म्हणून मी दुसऱ्या बाजूनं हात दिला.