मंद आचेवरचे मामा

जगातली सगळी घाई एकट्याच्या जोरावर बंद पाडू शकेल असा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो माझ्या नवऱ्याचा सख्खा मामा आहे. मामा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. उभं आयुष्य रुळांशेजारी गेलं, पण गाडी सुटायला आली म्हणून मामा कधी पळाले, असं सांगणारा माणूस कुर्डुवाडीत सापडायचा नाही. गाडी चुकली तर चुकली. ते बाकावर ऐसपैस बसून पुढच्या गाडीची वाट बघणार, आणि तीही उशिरा धावत असली तर त्यांना मनापासून बरं वाटणार. दाढी करायला बसले की तेवढ्या वेळात शेजारणीचे पापड वाळून डब्यात जायचे. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं की म्हणायचे, "बघतोय की अजून."

हे मामा आमच्या जुळे सोलापूर भागातल्या फ्लॅटवर राहायला आले, ते मला दिवस गेले तेव्हा. त्याआधी दोनदा आशा लागून गेली होती. या वेळी डॉक्टरीणबाईंनी बजावलं, पाठ टेकून पडून राहायचं, उठायचं ते फक्त न्हाणीघरापुरतं. माझी नोकरी सुटली, घर एका पगारावर आलं, आणि औषधांनी त्या पगाराचा मोठा घास घेतला. माझी आई नाही. सासूबाई मंद्रूपला, अंगावरून वारं गेलेल्या सासऱ्यांपाशी अडकलेल्या. त्यांचा फोन आला, "मला येता येईना गं. माझ्या भावाला धाडते. सैपाक लई चांगला करतोय. फक्त भूक लागायच्या आदी सांगत जा त्याला."

मामा आले ते रिक्षातून. मांडीवर चादरीत गुंडाळलेलं मोठं गाठोडं, आणि त्याला दोन्ही हातांनी असं धरलेलं की मला वाटलं, देवच आणले. चादर सोडली तर आत स्लो कुकर! खाली विजेवर तापणारं बूड, त्यात बसणारं चिनी मातीचं जडशीळ भांडं, वर काचेचं झाकण. त्यांच्या दोस्ताचा मुलगा परदेशी जाताना टाकून देत होता, तो मामांनी मागून घेतला होता. "बल्बाएवढी वीज खातंय, आन् ग्यास तर लागतच न्हाय," एवढीच त्याची ओळख करून देऊन त्यांनी तो ओट्यावर मांडला आणि आमचा प्रेशर कुकर उचलून माळ्यावर टाकला. "शिट्ट्या ऐकून कान किटलेत माझे. जेवणाला कशाला शिट्टी? जेवण काय कुटं गावाला जायचंय का?"

तेव्हापासून आमच्या घरात सकाळी सातला दुपारचं आणि दुपारी दोनला रात्रीचं जेवण शिजायला लागलं. हुलगे, मटकी, तुकडा तूरडाळ, लाल भोपळा, ज्वारीच्या कण्या. स्वस्तातलं जे जे असेल ते त्या भांड्यात जाऊन दिवसभर मुरायचं आणि असं मऊसूत होऊन बाहेर यायचं की नवरा म्हणायचा, "मामा, हे हुलगेच आहेत ना?" सोबतीला कडक भाकरी. ती आमटीत चुरायची, वर तेल आणि शेंगाचटणी. भाजी आणायला मामा बाजारात जायचे ते बाजार उठताना. एकदा एका भाजीवाल्या मावशींनी उरलेली वांगी पाटीत भरायला घेतली, तर मामा तिथंच उकिडवे बसले आणि म्हणाले, "मावशी, एवढ्या वांग्यांना फिरायला आणलं व्हतं का? आता परत घरी न्हेताय म्हणून इचारतो." मावशींना हसू आवरेना. त्यांनी सगळी वांगी त्यांच्या पिशवीत ओतली आणि वर कोथिंबीर घातली.

झाकणाला मात्र कुणी हात लावायचा नाही. एकदा उघडलं की आतली सगळी ऊब जाते आणि जेवण पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, असं त्यांचं म्हणणं. नवऱ्याला वास सहन व्हायचा नाही, तो ओट्याभोवती घुटमळायचा आणि मामा बाहेरच्या खोलीतून पेपरातून डोकं न काढता ओरडायचे, "लांब हो!" दुपारी वीज गेली की मामा भांड्याला चादरीत लपेटून त्यावर गोधडी घालायचे आणि शेजारी खुर्ची टाकून बसायचे. मंद्रूपहून एकदा चुलत सासरे आणि दोन पाहुणे न सांगता आले. मामांनी त्यांच्यासाठी म्हणून भांड्यात आणखी डाळ टाकली, त्यामुळे बाराचं जेवण चारवर गेलं. पाहुण्यांनी गावचं राजकारण संपवलं, माझी चौकशी दोनदा केली, शेवटी भिंतीवरचं कॅलेंडर पानं उलटून वाचलं. चारला पानं वाढली. भांडं पुसून निघालं. जाताना चुलत सासरे मामांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आमटी लई झ्याक, पर पुन्यांदा येताना जेवून येतो."

मी पलंगावर पडून हे सगळं ऐकायचे. दिवस सरता सरत नव्हते. पोटात जरा काही वेगळं वाटलं की घाम फुटायचा. एकदा मला रडताना त्यांनी पाहिलं. समजूत घालणं त्यांना जमत नसे. दारात उभं राहून ते बराच वेळ कढीलिंब निवडत राहिले. मग म्हणाले, "पोरी, लेकरूबी मंद आचेवरच शिजतंय की. घाई करून कसं चालंल?" आणि निघून गेले. मी रडता रडता हसले. त्या रात्री मला झोप लागली.

आठवा महिना लागला आणि एका सकाळी पोटात कळ आली. नवरा कामावर पोचला होता. मी हाक मारली ती जेमतेम तोंडाबाहेर पडली असेल, पण मामा आले. त्यानंतर जे झालं ते पलंगाशेजारच्या खिडकीतून मी स्वतः पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. मामा पळाले. अनवाणी, तीन जिने, रस्त्याच्या मधोमध उभे राहून त्यांनी रिक्षा अडवली. शेजारच्या काकूंना घेऊन वर आले, दोघांनी मला खुर्चीत बसवून खाली नेलं. रिक्षात त्यांनी माझा हात धरला होता आणि रिक्षावाल्याला सारखे म्हणत होते, "अरे पळव की! म्हशीवर बसलाय का?"

मुलगी झाली. मूठभर. तिला काचेच्या पेटीत ठेवली आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन वाढेपर्यंत काही सांगता येणार नाही. मी वॉर्डात, ती दुसऱ्या मजल्यावर. मामा रोज घरी जाऊन शिजवायचे आणि डबा घेऊन यायचे: खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे खीरच, गूळ घालून, दाताला लागणार नाही इतकी मऊ, मेथीची पातळ डाळ, ज्वारीच्या कण्या ताकातल्या. डबा नेहमी गरजेपेक्षा मोठा असायचा. शेजारच्या खाटेवरची अक्कलकोटची बाळंतीण, तिची सासू, ड्यूटीवरची नर्स, सगळ्यांना त्यातून मिळायचं. त्या सासूबाईंनी कानडीत हुग्गीची तारीफ केली, तर मामांनीही कानडीतच उत्तर दिलं आणि लाजून बाहेर गेले. मुलीला बघायला मात्र वर जायचे नाहीत. "सारखं कशाला डोकवायचं? वाढंल तिची ती," म्हणायचे. नर्सने मला नंतर सांगितलं, की रोज डबा देऊन झाल्यावर ते दुसऱ्या मजल्यावरच्या दाराबाहेर उभे असत. आत कधी आले नाहीत. चपला काढून उभे असत.

मुलगी वाढली. घरी आली, मला तिच्या पोटापुरतं दूध यायला लागलं, तिचे गाल भरले. बाराव्या दिवशी राहून गेलेलं बारसं आम्ही सावकाश केलं. मग एका सकाळी मामांनी भांडं धुऊन पुसून पुन्हा चादरीत बांधलं. धाकट्या भाचीचं पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं, आता तिच्याकडे जायचं होतं. मी नमस्कार केला. मामा म्हणाले, "बरं हाय. पोरीला दात आल्यावर सांग."

आता मुलगी शाळेत जाते. मामा कुर्डुवाडीला एकटे राहतात. हात थरथरतात, त्यामुळे जड भांडं उचलवत नाही. गेल्या महिन्यात आम्ही त्यांना चार दिवसांसाठी घेऊन आलो. जेवायची वेळ झाली. आमच्याकडे राहिले तेवढ्या सगळ्या महिन्यांत मी मामांना कधी पंगतीला बसलेलं पाहिलं नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर ते ओट्यापाशी उभ्यानेच काहीतरी खात. त्या दिवशी मुलीने त्यांचं बोट धरून त्यांना पाटावर बसवलं, समोर ताट मांडलं आणि मला सांगितलं, "आधी आजोबांना." मी वाढलं. साधं वरण, भात, वर तूप. मामा ताटाकडे बघत राहिले, मग अगदी हळूहळू जेवले. आम्ही कुणीच उठलो नाही. भात संपल्यावर त्यांनी ताट जरासं माझ्याकडे सरकवलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "अजून थोडा वाढ की गं."