उशाशी ठेवलेला डबा

भुताखेताच्या गप्पा मारणाऱ्याला मी माझ्या दुकानात बसू देत नाही, हे आधीच सांगतो. भूमला एसटी स्टँडच्या मागं माझं छोटं दुकान आहे. वायफाय, कॅमेरे, इन्व्हर्टर, जे पडेल ते बसवून देतो. "भाऊ, आमच्या राउटरमधी कायतरी शिरलंय" म्हणत महिन्याला एक तरी येतोच... उघडून बघावं तर मुंगळे. मुंगळे हेच उत्तर असतं, अशी माझी इतक्या वर्षांची समजूत होती. म्हणून हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण गप्प बसवत नाही, त्याला काय करू?

माझी थोरली बहीण अक्का भूमपासून दहा-बारा किलोमीटरवर, परंड्याच्या बाजूला राहते. गावाचं नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. घराच्या पुढच्या दोन खोल्या नव्या, स्लॅबच्या. मागं एक जुनी माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची खोली, दगडी भिंत दीड हात जाड, खिडकी एकच आणि तीही वीतभर. राउटर पुढच्या खोलीत. मागच्या खोलीत वायफाय नाही आणि मोबाईलची रेंजही नाही. मी स्वतः उंबऱ्यात उभं राहून दोनदा तपासलंय.

आणि अक्कानं बाळंतिणीची बाज घातली ती नेमकी त्याच खोलीत!

बाळंतीण म्हणजे माझी भाची, अर्चना. दुसरी खेप. पहिलं लेकरू अडीच वर्षांमागं आठव्या महिन्यातच झालं आणि चौथ्या दिवशी गेलं. जावई फौजेत. तेव्हा ते वर बर्फात होते, रजा मिळाली नाही. त्यांना लेकराचा फोटो पाठवला होता. तो त्यांना मिळाला तोपर्यंत लेकरू गेलेलं होतं. ह्या वेळी मुलगी झाली, चांगली सव्वातीन किलोची, पण जावयाचा एकच हट्ट... "फोटो नको. फोटोत लेकरू हलत न्हाय. मला हलताना दाखवा." त्यांना सकाळी अकराच्या सुमाराला अर्धा तास मिळायचा, तेवढाच. आणि अर्चनाचं म्हणणं, त्यांनी बघितल्याशिवाय मला घास जात नाही. दोन दिवस पोरगी नुसत्या चहावर होती. अंगावर दूध येईना. अक्काचा फोन आला तेव्हा ती रडत होती, आणि अक्का सहसा रडत नाही.

मी म्हणालो, अगं, तिला अकरा वाजता पुढच्या खोलीत आणून बसव की! तर म्हणते, "ओल्या बाळंतिणीला वाऱ्यात आणू व्हय रं? तुला कळतंय का काय?"

बरं. मग एकच उपाय, मागच्या खोलीत ऍक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीनं जोडलेला वायफायचा दुसरा डबा. दुकानात एक जुना राउटर पडून होता. त्याचं मोबाईलना नेटवर्कचे पत्ते वाटायचं काम बंद केलं, कारण ते पुढच्या राउटरचं काम, दोघांनी वाटलं की भांडण. घरातल्या नेटवर्कचं नाव "अक्का" होतं, म्हणून ह्याला नाव दिलं "अक्का टू". चालवून बघितला, बंद केला. अडॅप्टर प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीला स्टेपल मारला. ही माझी सवय आहे, नाहीतर अडॅप्टर हरवतात. ह्या स्टेपलकडं लक्ष ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. पुढच्या खोलीतून माळवदावरून वायर ओढली, खिडकीतून आत सोडली आणि दाराकडं आलो, तर अक्का आडवी!

"बारावा होईस्तर गडीमाणूस आत न्हाय."

"अगं, मी मामा आहे तिचा!"

"मामा गडीच असतो की."

डोकं भणाणलं माझं. पण अक्कापुढं कुणाचं चाललंय? दारातूनच डबा आणि पिशवी तिच्या हातात दिली आणि शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. खिडकीतली वायर डब्याच्या पिवळ्या भोकात खोच, अडॅप्टर बोर्डात लाव, आणि डबा उशाशी उंचावर ठेव. ती म्हणाली, "कळलं रं. म्या काय येडी हाय का?" आणि दार लावून घेतलं.

मी अंगणात उभा राहिलो. पाचेक मिनिटांनी मोबाईलवर "अक्का टू" दिसलं, दांड्या फुल. आतून अर्चनाचा आवाज आला, "मामा, लागलं! दिसायलेत त्ये!" आणि मग जावयाचा आवाज. ते नुसते नाक ओढत होते. मला तिथं उभं राहवेना. गाडीला किक मारली आणि निघालो. त्या दुपारी पोरीनं भाकरी कुस्करून खाल्ली, असा अक्काचा फोन आला.

रोज अकराला कॉल. एकदाही तक्रार नाही. मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या, काय काम केलंस!

बाराव्या दिवशी बारसं. मी साडेदहालाच पोचलो. अकराच्या सुमाराला आता ये आत म्हणून अक्कानंच बोलावलं. खोलीत शेगडीचा, ओव्याच्या धुरीचा वास. अर्चना बाजेवर, मोबाईल उशीला टेकवलेला, कॉल नुकताच लागलेला. पोरगी मुठी वळून आळस देत होती आणि जावई स्क्रीनवर तोंड उघडं टाकून बघत होते.

मी कारागीर माणूस, माझी नजर डब्याकडं गेली.

डबा उशाशी फळीवर होता. पाचवी पुजताना अक्कानं त्यालाही हळदकुंकू वाहिलेलं. शेजारी विळा. आणि डब्यात वायर नाही. खिडकीतून आलेली माझी वायर गजाला गुंडाळून सुतळीनं बांधलेली, टोक मोकळं. अडॅप्टरची पिशवी खिळ्याला अडकवलेली. स्टेपल जसाच्या तसा.

मी हळूच विचारलं, "अक्का, हे लावलंच नाहीस?"

"तूच म्हणलास की उशाशी ठेव. ठेवला."

"आणि वायर? अडॅप्टर?"

"तान्ह्या लेकराच्या उशाशी करंट लावू? डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"

अर्चनाचा मोबाईल वाकून बघितला. वरची पट्टी खाली ओढली, तर "अक्का टू". दांड्या फुल.

आईशप्पथ सांगतो, हेच दिसत होतं. भीती म्हणता येणार नाही, मला नुसतं समजत नव्हतं. डब्याला हात लावून बघितला, थंड. दिवा एकही नाही. अर्चना म्हणाली, "मला वाटलं दिवा मागच्या बाजूनं असंल, मामा." तेवढ्यात जावयाला मी दिसलो. "मामा! लई भारी बसवलंय तुम्ही! तिच्या पापण्या सुदीक दिसायल्यात!"

 हो हो म्हणालो. हात सारखा पिशवीकडं जात होता, कारण बिघडलेलं नीट करायचं ही माझी खोड. पण इथं बिघडलेलं काय होतं? हात खिशात घालून अर्धा तास उभा राहिलो. जावयाचा वेळ संपला, कॉल त्यांनीच ठेवला. मगच मी स्टेपल काढला.

अक्काशी भांडून वायर लावली, अडॅप्टर लावला. दिवे लागले. जसं चालायला पाहिजे तसं चालू झालं. म्हणजे कसं, तर चित्र अडकतंय, आवाज मागून येतोय. दोन दिवसांनी जावयाचा निरोप, "मामा, पहिल्यासारखं न्हाय आता." दोनदा जाऊन आलो, डबा बदलला, वायर बदलली. पहिल्यासारखं काही झालं नाही.

पुढच्या राउटरच्या नोंदी काढून बघितल्या. त्या वायरवरून पहिल्यांदा काही आलं ते बारशाच्या दिवशी, मी लावल्यावर. त्याच्या आधी काहीच नाही. मग ते अकरा वाजताचे कॉल गेले कुठून? शेजारी कुणाचं नेटवर्क त्या नावाचं आहे का, घरोघर फिरून बघितलं. नाही. कुणी मध्येच लावून परत काढलं म्हणावं, तर स्टेपल माझाच होता, पितळी. तसले गावात कुणाकडं नाहीत. ह्या क्षेत्रातल्या दोघांना विचारलं. एक हसला. दुसरा म्हणाला, तू दमलायस. मुंगळ्यांचा तर प्रश्नच नाही, डब्यात वीजच नव्हती.

अक्काला ह्याचं काहीच वाटत नाही, ह्याचा मला जास्त राग येतो. "चाललं न्हवं? मग?" एवढंच.

आठ महिन्यांनी जावई रजेवर आले. मी तिथंच होतो. त्या वयाची पोरं अनोळखी मिश्यावाला दिसला की घर डोक्यावर घेतात. आमची ही तर माझ्याकडंही येत नाही. जावयांनी दारातच बॅग टाकली आणि हात पुढं केले. पोरगी एक क्षण बघत राहिली, आणि गेली की त्यांच्याकडं! गालाला हात लावून बघायला लागली. जावई पोरीला घेऊन तिथंच पायरीवर बसले. पहिल्या लेकराला त्यांनी कधी हातात घेतलं नव्हतं.

मग माझा हात धरला आणि म्हणाले, "तुमच्यामुळं वळखतीय मला, मामा. पहिल्या बारा दिवसांत बघितलं ना तिनं मला."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी मान खाली घातली, आणि त्यांना वाटलं मी लाजलो. काय सांगू त्यांना? अडॅप्टर पिशवीत होता हो...